पुळणीवरचे ठसे: कोकण किनाऱ्यावर मांसाहारी प्राण्यांची माग-नोंद कशी करावी?

सुरूबन

नमस्कार मंडळी. फिनलंडमध्ये हिवाळ्यात स्वयंसेवक बर्फावरून १२ किलोमीटरचा त्रिकोण चालतात. प्रत्येक बाजू ४ किलोमीटरची. ती रेघ ओलांडून गेलेल्या लिंक्स, कोल्हा, मार्टेन वगैरे प्राण्यांचे माग ते मोजतात. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून हे चालू आहे आणि त्यात बरेचसे लोक साधे गावकरी आणि शिकारी असतात. आपल्याकडे बर्फ नाही, पण पुळण म्हणजे किनाऱ्याची वाळू आहे, खाडीचा चिखल आहे, तांबड्या मातीच्या पाणंदी आहेत.

आमच्या गावात आठ-दहा जण पहाटे चालायला तयार आहेत. कोल्हा, ऊद (पाणमांजर), रानमांजर, बिबट्या यांच्या ठशांची नोंद इथे अशी करता येईल का, की पुढे कुणा अभ्यासकाला ती खरोखर वापरता येईल? कधी चालायचं, किती चालायचं, काय लिहायचं?

मतलई

करता येईल, आणि चांगली करता येईल. फक्त बर्फावरच्या पद्धतीत नेमकं काय महत्त्वाचं आहे ते आधी पाहू.

बर्फाचा मोठा फायदा म्हणजे पाटी कधी पुसली गेली हे माहीत असतं. नवा बर्फ पडला की जुने माग गाडले जातात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे दिसतं ते त्यानंतरचंच. नवा बर्फ नसेल तर फिनलंडचे लोक आदल्या दिवशी तीच वाट चालून जुने माग खूण करून बाद करतात आणि दुसऱ्या दिवशी फक्त नवे मोजतात. 'किती तासांत किती माग' हे सांगता आलं नाही तर ठशांच्या आकड्याला काही अर्थ राहत नाही. आठवडाभराचे ठसे एकदम मोजले तर एकच कोल्हा दहा दिसतो.

आपल्याकडे पाटी पुसायला भरती आहे, तीही दिवसातून दोनदा. म्हणून नोंद करायचा दिवस तिथी बघून ठरवा. तिथी गुणिले तीन भागिले चार म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, हा हिशेब किनाऱ्यावर सगळ्यांनाच माहीत आहे. पौर्णिमा-अमावास्येला १५ × ३ ÷ ४ म्हणजे सव्वाअकरा. रात्री सव्वाअकराला पूर्ण भरती, तिथून सहा-सव्वासहा तासांनी, म्हणजे पहाटे साडेपाचच्या सुमारास पूर्ण ओहोटी. उजाडताना समोर जी रुंद ओली पट्टी असते ती मध्यरात्रीच्या आसपास पुसलेली. तिच्यावरचा प्रत्येक ठसा त्यानंतरचा. अष्टमीला काय होतं? ८ × ३ ÷ ४ म्हणजे सहा. पहाटे सहाला पाणी वर चढलेलं, पट्टीच नाही. तो दिवस सोडून द्या.

थोडक्यात त्रयोदशी ते द्वितीया हे दिवस धरा, महिन्यातून दोन वेळा. हिशेब अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, म्हणून आपल्या जवळच्या बंदराचं छापील भरती-ओहोटीचं कोष्टक बघून वेळ पक्की करा आणि नोंदीत कोष्टकातलीच वेळ लिहा.

इथे दोन ठिकाणी लोक चुकतात.

एक, उधाण उतरायला लागलं की रोजची भरती थोडी थोडी खाली थांबते. मग पुळणीवर शेवाळ, काटक्या, शिंपले यांच्या दोन-तीन रेघा एकीखाली एक दिसतात. समुद्राच्या बाजूची सगळ्यात खालची रेघ शेवटच्या भरतीची. तिच्या वरचे ठसे आदल्या दिवसाचे किंवा त्याहून जुने असू शकतात. दिवसाच्या दोन भरत्याही सारख्या उंचीच्या नसतात, त्यामुळे वरची रेघ दुपारची आणि खालची रात्रीची असंही होतं. मोजणी खालच्या रेघेपासून पाण्यापर्यंतच करायची. वरचं दिसलं तर 'वय अनिश्चित' म्हणून वेगळ्या रकान्यात लिहायचं.

दोन, तास सारखे नसतात. त्रयोदशीला भरती रात्री पावणेदहाची, द्वितीयेला दीडची. सकाळी साडेसहाला चाललात तर पहिल्या दिवशी पावणेनऊ तासांचे ठसे मिळतात, दुसऱ्या दिवशी पाच तासांचे. त्यातही त्रयोदशीला ओहोटी पहाटे चारला होऊन पाणी परत चढू लागलेलं असतं, म्हणजे खालचा भाग पुन्हा पुसला गेलेला असतो. म्हणून किलोमीटरबरोबर तासही लिहा आणि पट्टीची रुंदी दर ५०० मीटरला पावलांनी मोजा.

सुरूबन

हे फार उपयोगी आहे, धन्यवाद. सुरूच्या बागेला लागून जी सुकी पुळण आहे तिथे मात्र भरती पोचत नाही, आणि कोल्ह्याची ये-जा तिथूनच असते. तिथे काय करायचं? दुसरं म्हणजे गावातले कुत्रे रात्रभर किनाऱ्यावर असतात. त्यांचे आणि कोल्ह्याचे ठसे वेगळे कसे करायचे?

व्हाळकाठ

सुक्या पुळणीवर आदल्या संध्याकाळी माडाची झावळी ओढून २ मीटर रुंदीचा पट्टा साफ करा. दोघांनी धरून ओढली तर काम पटकन होतं. पण खारे वारे दुपारी जोरात असतात, म्हणून सूर्य मावळल्यावरच ओढा, नाहीतर साफ केलेलं परत लहरी धरतं. रात्री मतलई वारा हलका असतो, ठसे टिकतात. अगदी भुसभुशीत रेतीत मात्र ठशाच्या भिंती ढासळतात आणि नुसता खळगा उरतो. त्यावरून जात ओळखू नका, 'मांसाहारी, अनिश्चित' लिहा.

कासवांच्या विणीच्या दिवसांत, साधारण नोव्हेंबर ते मार्च, झावळी ओढण्याआधी गावातल्या कासवमित्रांशी बोला. मादीच्या येण्याचा माग पुसला गेला तर त्यांना घरटं सापडत नाही. वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर ही मंडळी पहाटे चालतच असतात. त्यांच्याच फेरीला ठशांची नोंद जोडली तर वेगळी माणसं उभी करायला लागत नाहीत.

आता कुत्रा आणि कोल्हा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

कोल्ह्याचा पुढचा ठसा साधारण ५ सेंमी लांब, ४ सेंमी रुंद. लांबट, आवळलेला. मधल्या दोन बोटांची नखं पुढे जवळजवळ उमटतात. गावठी कुत्र्याचा ठसा बहुधा मोठा आणि पसरट, नखं बाहेर फाकलेली. पण लहान चणीच्या कुत्रीचं माप कोल्ह्याशी जुळतं, म्हणून नुसत्या मापावर जाऊ नका. पक्की खूण ही, की सोनेरी कोल्ह्याच्या मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागच्या बाजूने एकमेकींना जुळलेल्या असतात. घट्ट ओल्या रेतीत २-३ मिलिमीटर खोल उमटलेला ठसा असेल तर त्या दोन गाद्यांच्या तळाशी आडवा सांधा दिसतो. कुत्र्यात त्या दोन्ही सुट्या. ही खूण पाचातल्या एखाद्या ठशातच नीट उतरते, म्हणून मागावर पुढे पुढे चालत चांगला ठसा शोधायचा.

मग चाल बघा. दुडक्या चालीने निघालेला कोल्हा मागचा पाय पुढच्याच्या ठशावर किंवा अगदी लगत टाकतो, आणि माग दोरी धरल्यासारखा सरळ भरतीच्या रेघेने जातो, कारण मेलेले मासे आणि खेकडे तिथेच असतात. कुत्रा रेंगाळतो, वळतो, दुसऱ्या कुत्र्याकडे जातो, मागचे-पुढचे ठसे वेगवेगळे पडतात. निदान २० मीटर माग बघितल्याशिवाय 'कोल्हा' लिहू नये असा नियम करून टाका.

मांजरकुळाचं त्या मानाने सोपं. नखं उमटत नाहीत, ठसा गोलसर, मागच्या गादीला खालच्या कडेला तीन फुगे. घरचं मांजर ३ सेंमीच्या आसपास, रानमांजर ४ ते ५, बिबट्या साधारण ७ ते ९. बिबट्याच्या चारही बोटांत एक बोट पुढे असतं, त्यावरून डावा-उजवा पाय कळतो. कुत्र्याचा ठसा मधोमध दुमडला तर दोन्ही बाजू सारख्या येतात, मांजराचा येत नाही. मोठ्या कुत्र्याच्या ठशात घट्ट जमिनीवर नखं उमटली नाहीत की लोक बिबट्या म्हणून मोकळे होतात. तिथे ही दुमडायची कसोटी आणि मागच्या गादीचा आकार कामाला येतो.

तरसाचे पुढचे पंजे मागच्यांपेक्षा ठळकपणे मोठे, नखं उमटतात, बोटं एकाला एक चिकटून. किनाऱ्यावर क्वचित, सड्यावर (कातळाच्या पठारावर) शक्य.

कातळसडा

सड्यावर आणि बागांमध्ये वेगळा विचार करावा लागतो. कातळावर ठसा उमटतच नाही, त्यामुळे ठराविक रेघ धरून चालणं व्यर्थ. प्राणी जिथून जाणारच अशा चिंचोळ्या जागा शोधा: गडग्यातली (दगडी कुंपणातली) फट, पाणंदीचं वळण, व्हाळ (ओढा) ओलांडायची जागा, चिऱ्याच्या खाणीकडे जाणारी धुळीची वाट. तिथे मातीचा पट्टा तयार करा.

पाणंदीची पूर्ण रुंदी आणि चालीच्या दिशेने १ मीटर लांबी एवढा पट्टा. वरचे खडे काढायचे, तिथलीच तांबडी माती बारीक चाळणीने चाळून १ ते दीड सेंमीचा थर द्यायचा आणि फळीने सपाट करायचा. बाहेरून रेती आणून टाकू नका. रंग आणि वास बदलला की मांजरकुळातले प्राणी बाजूने जातात. थर जास्त झाला तर ठसा पसरतो, कमी झाला तर बोटं उमटत नाहीत. तर्जनी अलगद दाबून बघा, बोटावरच्या रेषा मातीत दिसल्या की थर आणि बारीकपणा बरोबर. संध्याकाळी तयार करायचा, सकाळी उन्हाआधी बघायचा, पुसून परत सपाट करायचा, सलग तीन रात्री. एका पाणंदीवर पट्ट्यांमध्ये निदान ५०० मीटर अंतर ठेवा.

डिसेंबर-जानेवारीत दव भरपूर पडतं. झाडाखालच्या पट्ट्यावर पहाटे थेंब गळून बारीक खळगे होतात. ठशाच्या आत खळगे असतील तर प्राणी दव गळण्याआधी गेला. खळगे दाबून ठसा पडला असेल तर नंतर.

पुळणीवरही असंच काही बघता येतं का?

मतलई

येतं, आणि फार नेमकं. ओल्या पुळणीवर ओहोटीला ते बारीक खेकडे रेतीच्या मोहरीएवढ्या गोळ्या करून भोकाभोवती मांडतात. ठशाखाली गोळ्या चिरडलेल्या दिसल्या तर खेकडे बाहेर आल्यानंतर प्राणी गेला. ठशाच्या खळग्यात अख्ख्या गोळ्या पडलेल्या असतील तर आधी. मोठे पांढरे खेकडे मात्र त्रास देतात. ठशाच्या कडेला भोक पाडून उकरलेली रेती आत टाकतात आणि चार बोटांचा ठसा पाच बोटांचा वाटायला लागतो.

खाजणवाट

पाच बोटांवरून उदाकडे येतो, कारण खाडीकाठी सगळ्यात जास्त गोंधळ त्याचाच आहे.

उदाच्या पायाला पाच बोटं, मध्ये पडदा. मऊ चिखलात पडदा पुसट दिसतो, घट्ट चिखलात नाही. आपल्या खाड्यांतला मोठा ऊद कळपाने फिरतो. ठसा ६ सेंमीच्या वर, नखांचे टोचे पुढे दिसतात. घाटाकडच्या व्हाळांतला लहान ऊद ५ सेंमीच्या आत आणि त्याची नखं बोटाच्या गादीपुढे जात नाहीत, त्यामुळे टोचे नसतात. मुंगसालाही पाच बोटं, पण ठसा खूप लहान आणि नखं लांब. घोरपडीच्या शेपटीची रेघ सलग आणि नागमोडी असते, दोन्ही बाजूंना नखांचे ओरखडे. उदाची शेपटी मधूनच टेकते.

ठशापेक्षा उदाची विष्ठा भरवशाची. कळप ठराविक जागीच हगतो: खाडीतला खडक, रेतीचा उंचवटा, दोन प्रवाह मिळतात ती जागा. मोठ्या उदाच्या विष्ठेत खवले आणि काटे, लहान उदाच्या विष्ठेत मुख्यतः खेकड्याच्या कवचाचा चुरा. वास मासळीचा. काडीने उलगडून फोटो घ्या, हात लावू नका, घरी आणू नका.

मऊ चिखलातली मापं फसवी असतात. पाय आत जाताना चिखल बाहेर सरकतो आणि वरची कड दीडपटही होते. माप नेहमी ठशाच्या तळाशी, गादी जिथे टेकली तिथल्या कडेपासून कडेपर्यंत घ्या. आणि तिवरांच्या आत शिरू नका. काठावरून, होडीतून किंवा खाजणाच्या (खाडीकाठच्या खारजमिनीच्या) बांधावरून बघा. वाशिष्ठीसारख्या खाडीत मगरी आहेत, तिथे पाण्याच्या कडेला एकट्याने बसून मापं घेण्याची गरज नाही.

पाणंद

वाचनीय धागा. एक शंका. एवढं सगळं केल्यावर आमच्या तालुक्यात कोल्हे किती, बिबटे किती, हे सांगता येईल का? ग्रामपंचायतीत आणि वन खात्यात पहिला प्रश्न तोच येतो.

मतलई

नाही येणार, आणि तसं सांगूही नये. याचा इतिहास आपल्याच देशात आहे. वाघांच्या पंजांचे ठसे काचेवर गिरवून, साच्यात घेऊन प्रत्येक वाघ ओळखायची पद्धत सरोजराज चौधरी यांनी १९६०च्या दशकात बसवली. १९७२च्या पहिल्या देशव्यापी गणनेत १,८२७ हा आकडा आला. पुढे अनेक वर्षं हीच पद्धत चालली. एकच वाघ ओल्या मातीत, धुळीत, चढावर, पळताना वेगवेगळा ठसा टाकतो आणि गिरवणाऱ्याचा हातही फरक पाडतो, हे आक्षेप होतेच. २००५ मध्ये सरिस्कात वाघ उरलेच नाहीत हे उघड झालं, त्यानंतर ती पद्धत बाजूला पडली. २००६ पासून कॅमेऱ्यांवर आधारित अंदाज आला. ठशांची नोंद मात्र आजही आहे. वनरक्षक आपल्या बीटमध्ये (गस्तीच्या हद्दीत) तीन दिवस ५-५ किलोमीटर चालून मांसाहारी प्राण्यांच्या खुणा नोंदवतात. पण ती 'कुठे आहे आणि किती वरचेवर' यासाठी, डोकी मोजायला नाही.

बर्फाच्या देशात मागांवरून घनता काढायचं सूत्र आहे. रशियन शास्त्रज्ञ फोर्मोझोव्ह यांनी १९३२ मध्ये त्याची सुरुवात केली. घनता = १.५७ × ओलांडलेले माग ÷ (चाललेली लांबी × प्राण्याची एका दिवसातली चाल). समजा १० किलोमीटरमध्ये एका दिवसाचे ६ माग मिळाले आणि प्राणी दिवसाला १० किलोमीटर चालतो असं धरलं, तर १०० चौरस किलोमीटरला ९ प्राणी. चाल ५ किलोमीटर धरली तर तोच आकडा १९. एका गृहीतकावर उत्तर दुप्पट. आपल्या किनाऱ्यावरचा कोल्हा रात्रीत किती चालतो हे त्याच्या गळ्यात रेडिओ-पट्टा लावून मोजल्याशिवाय हे सूत्र हातात घेऊ नये. शिवाय त्यात प्राणी रेघ कुठूनही कशीही ओलांडतो असं धरलेलं आहे. पुळणीवर तो रेघेला समांतर चालतो. तिथेच सूत्र मोडतं.

मग सांगायचं काय? किनाऱ्याचे ५०० मीटरचे तुकडे पाडा. प्रत्येक तुकड्यात प्रत्येक प्राणी 'आहे' की 'नाही', एवढंच. एकच कोल्हा तुकड्यात चारदा आत-बाहेर गेला तरी 'आहे' एकदाच. ४ किलोमीटरच्या पुळणीचे ८ तुकडे. एका हंगामात त्याच तुकड्यांच्या निदान चार फेऱ्या करा. 'तिथे नाही' आणि 'होता पण आपल्याला दिसला नाही' हे वेगळं करायला पुन्हापुन्हा बघणं हाच उपाय आहे. एका फेरीवर हा फरक कुठल्याही गणिताने काढता येत नाही.

आणि रिकामा तुकडाही लिहायचाच. स्वयंसेवकांच्या नोंदी वाया जातात त्याचं पहिलं कारण हे, की काही दिसलं तेव्हाच कागद भरला जातो. किती चाललो आणि काही दिसलं नाही, हे कागदावर नसेल तर पुढच्या वर्षी कमी झालं की वाढलं हे कोण सांगणार?

ग्रामपंचायतीला सांगताना 'आठपैकी पाच तुकड्यांत कोल्हा, दोन तुकड्यांत ऊद, चार फेऱ्या' असं सांगा. हे कुणी खोडू शकत नाही.

कातळसडा

सहमत. ठसे बघून 'नर', 'मादी', 'दोन पिल्लं' असं लिहायचा मोहही टाळा. शेजारी शेजारी एकाच वेळी पडलेल्या वेगळ्या मापांच्या दोन रांगा असतील तरच 'किमान दोन'.

सुरूबन

फोटो आणि साचा याबद्दल कुणी सांगेल का? आमच्याकडे शाळेची मुलंही येणार आहेत, त्यांना साचे करायचे आहेत.

व्हाळकाठ

फोटो आधी, साचा नंतर. शेजारी १५ सेंमीची पट्टी, ठशाच्या पातळीला टेकवून, वर उचललेली नको. मोबाइल ठशाच्या बरोबर वर आडवा. सकाळचं तिरपं ऊन सगळ्यात चांगलं. ऊन वर आलं तर छत्रीची सावली करून बाजूने टॉर्च मारा. एका मागाचे तीन फोटो: एक ठसा जवळून, ओळीतले चार ठसे एकत्र, आणि आजूबाजूची जागा. चार ठशांच्या फोटोशिवाय कोल्हा-कुत्रा वाद मिटत नाही.

साच्यासाठी प्लास्टर ऑफ पॅरिस. मापाने दोन भाग भुकटी, एक भाग पाणी. पाण्यात भुकटी सोडायची, उलट केलं तर गुठळ्या होतात. पाणी घरून गोडं न्या. समुद्राच्या पाण्यातल्या मिठाने प्लास्टर झटकन आवळतं, ओतायच्या आधीच घट्ट होतं. बिबट्याच्या ठशाभोवती १५ सेंमी व्यासाचं कडं लावून अडीच सेंमी थर द्यायला साधारण अर्धा किलो भुकटी लागते, कोल्ह्याला १० सेंमीच्या कड्यात २०० ग्रॅम पुरते. कडं म्हणून प्लास्टिकच्या बाटलीची कापलेली पट्टी चालते. थेट ठशावर ओतू नका, चमच्यावर धार सोडून बाजूने आत येऊ द्या, नाहीतर रेती धुऊन जाते. अर्ध्या तासाने उचला, पण रेती लगेच घासू नका. एक-दोन दिवस सावलीत वाळू द्या, मग मऊ ब्रशने साफ करा. मागे तारीख, जागा, पुढचा-मागचा पाय हे ओलं असतानाच काडीने कोरा.

मुलांना साचे करू द्या, पण मोजणीच्या वेळी नाही. मोजणाऱ्या तिघांची टोळी पुढे जाऊ दे: एक भरतीच्या रेघेवर, दुसरा दहा-पंधरा पावलं पाण्याकडे, तिसरा लिहायला त्यांच्या मागून. सूर्य समोर ठेवला तर ठशात सावली दिसते. आपल्याकडे सूर्य सकाळी जमिनीच्या बाजूने येतो, म्हणून डोळे किनाऱ्याकडे ठेवून चाला. मोजलेल्या मागावर काडीने आडवी रेघ ओढा, परतताना तोच माग दुसऱ्यांदा मोजला जात नाही.

खाजणवाट

तब्येतीचं आणि कायद्याचं थोडं. सड्यावर चपला नकोत, घोट्यावर येणारे बूट घाला. फुरसं दगडाच्या आडोशाला असतं. दोडामार्ग-सावंतवाडीच्या रानात उन्हाळ्याच्या तोंडावर गोचिडीमुळे माकडतापाचा धोका असतो. पूर्ण बाह्या, पँट मोज्यांत खोचलेली, अंगाला आरोग्य केंद्रात मिळणारं तेल, आणि घरी आल्यावर अंग तपासून गरम पाण्याने आंघोळ. अभयारण्य किंवा राखीव जंगलात वन खात्याच्या लेखी परवानगीशिवाय एक पट्टाही टाकू नका. कवटी, दात, नख, कातडं सापडलं तर तिथेच ठेवून वन खात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. उदाच्या हगण्याच्या जागा आणि बिबट्याची नेहमीची वाट नकाशासकट समाजमाध्यमांवर टाकू नका. सार्वजनिक नोंदीत गावाचं नाव पुरे.

मतलई

तक्त्याचे रकाने देऊन ठेवतो, छापून घ्या: तारीख व तिथी, कोष्टकातली रात्रीच्या भरतीची वेळ, सुरुवात-शेवट वेळ, तुकडा क्रमांक, पट्टीची रुंदी, पृष्ठभाग (ओली पुळण, सुकी साफ केलेली, चिखल, माती), प्राणी, खात्री (पक्का, बहुधा, अनिश्चित), ठशाची लांबी-रुंदी तळाशी, फोटो क्रमांक, तुकड्यातले कुत्रे व माणसं (कमी, मध्यम, तुडवलेलं). शेवटचा रकाना सोडू नका. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढली गेली किंवा पर्यटक फिरले तर तो तुकडा 'तुडवलेला', आणि तिथे 'प्राणी नाही' लिहायचा हक्क आपल्याला नाही. शनिवार-रविवार आणि ३१ डिसेंबरचा आठवडा शक्यतो टाळा.

सुरूबन

तक्ता उतरवून घेतला. पहिली फेरी येत्या चतुर्दशीला ठेवतो. १४ × ३ ÷ ४ म्हणजे रात्री साडेदहाची भरती, पहाटे पावणेपाचला ओहोटी. सहाला सुरुवात केली तर चालेल ना?

मतलई

चालेल, पण साडेपाचला पुळणीवर उभे राहा. टॉर्चच्या तिरप्या उजेडात ठसे दिवसापेक्षा छान दिसतात, आणि पावणेपाचनंतर पाणी चढतच असतं, सातपर्यंत ते बरंच वर आलेलं असेल. कासवांचे दिवस असतील तर टॉर्चवर लाल कागद लावा. पहिल्या फेरीचे सगळे 'पक्का' शेरे फोटोसकट इथे टाका. व्हाळकाठ आणि मी ते वेगवेगळे तपासून देऊ, आणि जिथे आमचं जुळणार नाही तो ठसा 'अनिश्चित' धरा.